आज कोण आलं नाही?

२०१२ साली पुण्यात ‘सत्यशोधक’ रंगमंचावर आलं. नाटक गो. पु. देशपांडे यांनी जोतीराव फुल्यांवर लिहिलेलं, दिग्दर्शन अतुल पेठे यांचं आणि नटसंचात पुणे महानगरपालिकेचे सफाई कामगार. जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या भूमिका ओंकार गोवर्धन आणि पर्ण पेठे करत होते, पण नाटकाचं बळ होतं ते कामगारांच्या समूहात. ज्यांच्या हातात सकाळी झाडू असतो ती माणसं प्रयोगात फुल्यांच्या काळातला समाज होऊन उभी राहत होती.

त्या प्रयोगांविषयी पुष्कळ लिहून आलं. दिग्दर्शनाविषयी आलं, फुल्यांच्या विचाराविषयी आलं. मला त्यातली आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. नाटकाच्या आधी तिथे संघटना होती. मुक्ता मनोहर यांच्या नेतृत्वाखाली पालिकेच्या कामगारांची युनियन वर्षानुवर्षं काम करत होती. माणसं एकमेकांना ओळखत होती, मोर्चात एकत्र चालली होती. तालमीला बोलावणारा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. नाटकवाल्याला परक्या दारात उभं राहून ‘आम्ही एक शिबिर घेतोय’ असं सांगावं लागलं नाही.

बहुतेक ठिकाणी ते सांगावं लागतं. वस्तीत, पाड्यावर, बचत गटाच्या बैठकीत, आश्रमशाळेच्या व्हरांड्यात नाट्यशिबिर घ्यायला जाणाऱ्या माणसापाशी खेळांची यादी असते, एखादं पुस्तक असतं, उत्साह असतो. वस्तीचं वेळापत्रक मात्र नसतं. आणि शिबिर उभं राहतं किंवा कोसळतं ते तिथेच.

महाराष्ट्राला नाट्यशिबिर नवीन नाही. सुधा करमरकरांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ सुरू केलं, रत्नाकर मतकरींनी १९६२ साली ‘बालनाट्य’ संस्था काढली, आणि मुलांसाठीचं नाटक हे शाळेच्या गॅदरिंगपेक्षा वेगळं, गंभीरपणे करायचं काम आहे हे इथल्या मध्यमवर्गाला पटलं. पुढे मे महिन्याच्या सुट्टीतलं शिबिर ही शहरांतली रूढ गोष्ट झाली. पंधरा दिवस, सकाळी नऊ ते बारा, एक सभागृह, फी, शेवटच्या दिवशी पालकांसमोर प्रयोग. हा साचा चांगला आहे. त्यातून कितीतरी नट, लेखक घडले. पण तो ज्या घरांसाठी घडला त्या घरांत मुलाला सोडायला आणि न्यायला कोणीतरी मोकळं असतं, मधल्या सुट्टीचा डबा असतो, आणि सकाळचे नऊ ते बारा हे तास मुलाच्या मालकीचे असतात.

हाच साचा उचलून वस्तीत नेला की काय होतं? पहिल्या दिवशी साठ मुलं येतात. चौथ्या दिवशी बावीस उरतात, त्यात मुली सहा. शिबिर घेणारे म्हणतात, मुलांना गोडी नाही, पालकांना महत्त्व कळत नाही. वस्तीकडून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. मे महिन्यात अर्धी वस्ती गावाला जाते, कारण गावाला जायचे तेवढेच दिवस असतात. जी मुलं मागे राहतात त्यांतल्या मोठ्यांना सुट्टीपुरतं काम लागलेलं असतं. नळाला पाणी दहाला येत असेल तर दहा ते साडेअकरा या वेळात बारा वर्षांची मुलगी हंडे लावून उभी असते, आणि तिच्या कडेवर धाकटा भाऊ असतो.

म्हणून अनुभवी कार्यकर्ता आराखड्याच्या पहिल्या पानावर खेळ लिहीत नाही. तो आठ-दहा दिवस वस्तीत नुसता फिरतो. अंगणवाडीच्या ताईंशी बोलतो, किराणा दुकानदाराशी बोलतो, मंडळाच्या पोरांबरोबर कट्ट्यावर बसतो. पाणी कधी येतं, लाइट कधी जाते, धुणीभांडी करणाऱ्या बायका दुपारी किती वाजता घरी येतात आणि संध्याकाळच्या कामांना पुन्हा किती वाजता निघतात, हे त्याला हवं असतं. मुंबई-ठाण्यात घरकाम करणाऱ्या बहुतेक बायकांना दुपारी दोन-अडीच तास मिळतात. त्यांना काही करायचं तर तिथेच, आणि तेही आठवड्यातून एकदोनदा, सलग रोज नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं बीड जिल्ह्यातल्या गावात हवी असतील तर दिवाळीनंतर जाऊन उपयोग नाही. तेव्हा गावात म्हातारी माणसं असतात आणि मुलं पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी कारखान्याच्या फडात, कोपीत असतात. नाटकाला फडाकडे जावं लागेल, किंवा पावसाळ्यात गावाकडे.

जागेचंही तेच. जागा मिळाली यावर आपण फार लवकर खूश होतो. गावातलं समाजमंदिर बहुधा दलित वस्तीत असतं, आणि वरच्या आळीतली मुलं ‘तिकडे’ येत नाहीत. घरची माणसं पाठवत नाहीत. मारुतीच्या देवळाचा सभामंडप ऐसपैस आणि सावलीचा, पण पाळी आलेली मुलगी त्या चार दिवसांत तिथे पाऊल ठेवणार नाही, आणि का आली नाही हे सांगणारही नाही. शाळेचा वर्ग सोयीचा, पण ज्याने सातवीत शाळा सोडली तो त्या फाटकातून पुन्हा आत यायला धजत नाही. मोकळं मैदान सगळ्यांचं असं म्हणावं, तर तिथे भिंतीवर बसून शिट्ट्या मारणारी पोरं असतात आणि मुलींचं अंग आखडतं. निर्दोष जागा नसतेच. पण निवडलेल्या जागेमुळे कोण बाहेर राहतं हे माहीत असलं, तर त्यांच्यासाठी आठवड्यातले दोन दिवस दुसरीकडे बसता येतं. काही गट मुद्दाम जागा बदलत राहतात. सोमवारी समाजमंदिर, बुधवारी शाळा, शुक्रवारी कोणाचं तरी अंगण.

चांगलं चाललेलं शिबिर ओळखायची माझी एक खूण आहे. सुरुवातीला सगळे गोल करून उभे राहिले की घेणारा पहिला प्रश्न काय विचारतो? कसरतीने सुरुवात करणारे पुष्कळ पाहिले, प्रार्थनेने करणारेही पाहिले. ज्यांच्या शिबिराला पुढे फळ आलं ते विचारतात, ‘आज कोण आलं नाही?’ मग मुलंच सांगतात. अमकी मावशीकडे गेलीय, तमक्याला बापाने गॅरेजवर बसवलंय. संध्याकाळी घेणाऱ्यांपैकी कोणीतरी त्या घरी जातं. ओरडायला किंवा समजूत घालायला जायचं नसतं. चहा घ्यायचा, आज काय खेळलो ते सांगायचं, बाळ असेल तर खेळवायचं. असं दोनदा गेलं की मुलगी तिसऱ्या दिवशी येते, आणि पुष्कळदा आईच तिला आणून सोडते, दारात उभी राहून पंधरा मिनिटं पाहते. तिच्या कडेवरचं पोरही येतं. त्यासाठी एक माणूस वेगळा लागतो, खडू-कागद घेऊन कोपऱ्यात धाकट्यांना सांभाळणारा. हा खर्च बजेटमध्ये कधीच नसतो. माझ्या मते तो पहिल्या ओळीत हवा, ढोलकीच्या आणि टी-शर्टांच्या आधी.

आणखी काही गोष्टी अनुभवाने ठरून गेल्या आहेत. घेणारे दोघे हवेत आणि त्यांतली एक बाई हवी. वीस-पंचवीसपेक्षा जास्त मुलं झाली की कोण गप्प बसलंय हे दिसेनासं होतं. मुलींना दिवेलागणीच्या आत घरी पोचवायचं, रोज, अपवाद न करता. एकदा उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी निम्म्या येत नाहीत. खाऊ शेवटी देण्यापेक्षा आल्या आल्या द्यावा, कारण सकाळपासून काही न खाल्लेलं पोर मन लावून खेळू शकत नाही.

०००

मग आतलं काम सुरू होतं. पहिल्या दिवशी ‘कोणाला अभिनय येतो?’ असं विचारू नये. गणपतीत नाच करणारा, शाळेत भाषणात पहिला येणारा मुलगा हात वर करतो, आणि बाकीच्यांची जागा तिथेच ठरून जाते, ती महिनाभर बदलत नाही. त्यापेक्षा सगळ्यांनी नुसतं चालावं. हळू चालावं, घाईत चालावं, डोक्यावर हंडा असल्यासारखं, चिखलातून, साहेबाच्या केबिनमध्ये गेल्यासारखं. मग समोरच्याच्या डोळ्यांत बघून थांबावं. हे दिसायला सोपं आहे. ज्या मुलीला घरात आणि रस्त्यात मान खाली घालून चालायला शिकवलंय तिला समोरच्या मुलाच्या डोळ्यांत पाच सेकंद पाहायला आठवडा लागतो. तो आठवडा द्यावा.

त्यानंतरचा पुतळ्यांचा खेळ मला सगळ्यांत समर्थ वाटतो. एकाने शिल्पकार व्हायचं, बाकीच्यांनी माती. शिल्पकाराने एक शब्दही न बोलता इतरांचे हात-पाय-मान वळवून एक दृश्य उभं करायचं. विषय वस्तीतलाच: पाण्याची रांग, रेशनचं दुकान, रात्रीचं घर. दृश्य झालं की त्याच माणसांतून दुसरा पुतळा करायचा, ही रांग कशी असायला हवी याचा. आणि मग सगळ्यात अवघड तिसरा: पहिल्यातून दुसऱ्यात जायचं तर मधे काय घडावं लागेल? इथे मुलं थांबतात. कोणी टँकरवाल्याचा पुतळा हलवतं, कोणी नगरसेवकाला आणून उभं करतं, कोणी रांगेतल्याच दोन बायकांचे हात एकमेकींच्या हातात देतं. वाद सुरू होतात, आणि त्या वादातून पुढचं नाटक निघतं.

हा खेळ ब्राझीलचा रंगकर्मी ऑगुस्तो बोआल याचा. १९७१ साली त्याला लष्करी राजवटीने पकडून छळलं, मग तो देश सोडून गेला. १९७३ साली पेरूमध्ये साक्षरतेच्या मोहिमेत काम करताना त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी या पद्धती घडवल्या. तिथल्या लोकांच्या मातृभाषा अनेक होत्या, स्पॅनिश सगळ्यांना सारखी येत नव्हती. शब्दांच्या आधी शरीराने बोलायची गरज होती. आपल्याकडेही ती आहे. ठाण्यातल्या एखाद्या वस्तीत एका गोलात मराठवाड्याची मराठी असते, खानदेशी असते, भोजपुरी असते, वडारांची आणि कैकाड्यांची बोली असते. शाळेत ‘न’ आणि ‘ण’ वरून ज्याची थट्टा झालीय तो मुलगा संवाद म्हणायची वेळ आली की मागच्या रांगेत सरकतो. पुतळ्यात तो मागे सरकत नाही. आठवडाभर पुतळे केल्यावर जेव्हा बोलायची वेळ येते, तेव्हा त्याने त्याच्या घरच्या भाषेत बोलावं आणि कोणी ते सुधारू नये. पालघर जिल्ह्यातल्या सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ ही संस्था गीतांजली कुलकर्णींच्या पुढाकाराने ‘गोष्टरंग’ उपक्रम चालवते. त्यात नट आश्रमशाळांमध्ये आणि जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये जाऊन गोष्टी नाटकातून सांगतात, आणि मुलांनी पुस्तकाकडे वळावं हा हेतू असतो. शब्द आधी अंगाने आणि कानाने भेटला की कागदावरचा शब्द परका राहत नाही, या विश्वासावर तो उभा आहे आणि तो विश्वास मला पटतो.

०००

सगळ्यात नाजूक काम मात्र गोष्टीचं आहे, आणि त्याविषयी जरा सविस्तर लिहिलं पाहिजे.

कुठल्याही वस्तीत मुलांना ‘तुमच्या आयुष्यातला प्रसंग करून दाखवा’ म्हटलं की पहिला प्रसंग बहुधा एकच येतो. दारू पिऊन आलेला बाप, मार खाणारी आई, रडणारी मुलं, शेवटी बापाला पश्चात्ताप. हे खोटं असतं असं नाही. घरोघरी ते घडतं. पण बाहेरून आलेल्या ताई-दादांना आपल्याकडून हेच हवं असतं हे मुलांनी ओळखलेलं असतं. व्यसनमुक्तीचे कार्यक्रम, सिनेमे, मालिका, सगळ्यांनी वस्तीचं हेच चित्र त्यांच्यापुढे धरलेलं असतं. घेणाऱ्याने त्यावर टाळ्या वाजवून संहिता लिहायला घेतली की शिबिर तिथेच संपलं असं समजावं. पुढचा प्रयोग कितीही रंगला तरी त्यात मुलांनी शोधलेलं काही नसतं.

तिथे प्रश्न विचारत राहावं लागतं. बाप घरी येताना कुठून आला? दिवसभर कुठे होता? मुकादमाने पैसे किती दिले, किती ठेवून घेतले? आईने तेव्हा चुलीवर काय ठेवलं होतं? तू कुठे बसला होतास? या प्रश्नांनी हळूहळू दुसरं नाटक वर येतं. त्यात नाक्यावर सकाळी आठला उभं राहून अकराला हात हलवत परतणारी माणसं असतात. सेफ्टी बेल्टशिवाय परांचीवर चढवलेला मामा असतो. एखाद्या मुलीच्या प्रसंगात बाप दारू पीतच नसतो, तो तिचे केस विंचरत असतो, कारण आई रात्रपाळीला असते. आणि हा प्रसंग करायला तिला लाज वाटत असते, कारण वस्तीतला बाप असा असतो हे तिने कुठल्याच नाटकात पाहिलेलं नसतं.

बोआलच्या पेरूमधल्या कामात एक प्रसंग आहे. लोकांच्या हाती कॅमेरे देऊन प्रश्न विचारले होते आणि उत्तर फोटोने द्यायचं होतं. पिळवणूक म्हणजे काय, या प्रश्नाला कोणी घरमालकाचा फोटो आणला, कोणी दुकानदाराचा. एका मुलाने भिंतीतल्या खिळ्याचा फोटो आणला. मोठ्यांना काही कळेना, पण बूटपॉलिश करणाऱ्या सगळ्या मुलांना लगेच कळलं. ही मुलं लांबून शहरात यायची. पॉलिशची जड पेटी रोज घरी नेणं शक्य नसल्याने ती दुकानांच्या भिंतीतल्या खिळ्याला टांगून जायची, आणि त्या खिळ्याचं भाडं द्यायची. हा खिळा कुठल्याही कार्यकर्त्याला सुचला नसता. शिबिराचं सगळं नियोजन करायचं ते असा एक खिळा हाती लागावा म्हणून, आणि त्याला वेळ लागतो. तीन दिवसांच्या शिबिरात तो सापडत नाही.

ठाण्यात रत्नाकर मतकरींनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत जे केलं त्याचं महत्त्व मला यातच दिसतं. समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने २०१४ साली त्यांनी ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. पन्नास वर्षं रंगभूमीवर काढलेला, मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी विपुल लिहिलेला हा लेखक वस्त्यांतल्या मुलांसाठी स्वतः एखादी संहिता सहज लिहून देऊ शकला असता. त्यांनी मुलांना त्यांची नाटकं करायला सांगितली. ठाण्यातल्या निरनिराळ्या वस्त्यांतले गट आपल्या जगण्यातले विषय घेऊन नाटिका बसवू लागले. लेखन, दिग्दर्शन, अभिनय त्यांचाच. अनुभवी रंगकर्मी वाट दाखवायला. मतकरी १७ मे २०२० रोजी गेले. एवढ्या ताकदीच्या लेखकाने आपलं लिहिणं बाजूला ठेवून दुसऱ्याच्या लिहिण्याला जागा करून द्यावी, ही मराठी रंगभूमीतली मोठी घटना आहे असं मी मानतो. तिची नोंद व्हावी तशी झालेली नाही.

बाहेरच्या माणसाने काय बोलू नये, हेही याच प्रश्नाशी जोडलेलं आहे. तरुणपणी बोआल आपल्या नाटक मंडळीला घेऊन ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या शेतकऱ्यांत गेला होता. नाटकाच्या शेवटी नट बंदुका उंचावून, जमिनीसाठी रक्त सांडायला हवं असं गात. प्रयोगानंतर व्हिर्जिलिओ नावाचा शेतकरी भारावून म्हणाला, चला, जमीनदाराच्या माणसांनी आमच्या एका सोबत्याला हुसकावलंय, तुमच्या बंदुका घेऊन आमच्याबरोबर या. नटांनी सांगितलं, बंदुका नाटकातल्या आहेत. त्याने सांगितलं, आमच्याकडे खऱ्या पुष्कळ आहेत, तुम्ही या. नट म्हणाले, आम्ही शेतकरी नाही, कलावंत आहोत. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की रक्त सांडायचं म्हणजे त्याचं सांडायचं. बोआलने ही हकिगत स्वतः लिहून ठेवली आहे, आणि त्यानंतर त्याने तसं नाटक केलं नाही. आपल्याकडच्या कितीतरी पथनाट्यांत, हुंडा घेऊ नका, मुलीला शिकवा, सावकाराला ठणकावून सांगा, असा उपदेश बाहेरून आलेले देतात आणि गाडीत बसून परत जातात. ठणकावून सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं ते वस्तीला भोगायचं असतं.

आता दुखऱ्या गोष्टीविषयी. गोलात विश्वास तयार झाला की एक दिवस कोणीतरी असं काही बोलतं की सगळे गप्प होतात. नात्यातल्या माणसाने केलेला अत्याचार, घरातली जाळपोळ, लपवलेला मृत्यू. शिबिर घेणाऱ्याने त्या क्षणासाठी आधीच तयार असलं पाहिजे. मुलं अठराच्या आतली असतील आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट समोर आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक पाठ असला पाहिजे. जवळच्या समुपदेशकाचं नाव आणि फोन पहिल्या दिवशी खिशात हवा. हे नसेल तर माणसाच्या आतलं काढणारे खेळ घेऊच नयेत, एवढं कठोरपणे मी म्हणेन. उघडं केलं आणि बांधलं नाही, असं कोणाच्याही बाबतीत होता कामा नये.

आणि ती गोष्ट रंगमंचावर न्यायची का? बहुतेक वेळा नाही. न्यायचीच झाली तर जिची आहे तिने स्वतःची भूमिका करू नये, आणि कितीही उशिरा ‘नको’ म्हटलं तरी ते मानावं, अगदी प्रयोगाच्या सकाळीसुद्धा. नाव बदललं की झालं असं शहरात चालतं. शंभर घरांच्या गल्लीत नाव बदलून काही लपत नाही. प्रेक्षकांत तो माणूसही बसलेला असतो, आणि प्रयोग संपल्यावर मुलगी त्याच गल्लीतून घरी जाणार असते.

०००

प्रयोग कसा करायचा याला आपल्या मातीत चांगली उत्तरं आहेत. सत्यशोधकी जलसे, भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांचे आंबेडकरी जलसे, अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचं १९४४ चं लाल बावटा कलापथक, निळू फुले आणि राम नगरकर जिथे घडले ते राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, १९८३ पासून गावोगाव गेलेलं ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’. यांतल्या बहुतेकांना पडदा लागत नव्हता. बादल सरकारांनी बंगालमध्ये थोड्या खर्चात होणारं, कुठेही नेता येणारं, तिकीट नसलेलं नाटक उभं केलं, शिबिरं घेतली. अमोल पालेकरांनी त्यांचं ‘जुलूस’ मराठीत केलं. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. त्यानंतर अतुल पेठे यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांची शिबिरं घेतली आणि गावोगावचे कार्यकर्ते रिंगणनाट्य करू लागले. लोक भोवती गोल बसतात, नट मधे, वेश साधे, दिवे असतील ते.

वस्तीत हाच मार्ग मला योग्य वाटतो. प्रेक्षक आणि नट यांच्यात अंतर नसतं, एकमेकांचे चेहरे दिसतात, आणि गल्लीत राहणारी म्हातारी उंबऱ्यावर बसून नाटक पाहू शकते. मोठ्या नाट्यगृहात एकदा तरी मुलांनी उभं राहावं, त्या उजेडाची चव घ्यावी, हेही मला मान्य आहे; तो त्यांचा हक्क आहे. पण प्रयोग आधी गल्लीत व्हावा. नाट्यगृहात वस्तीतली माणसं बसने नेली तर चाळीस जातात. गल्लीत चारशे असतात.

परवानग्यांचं काम कोणा एकावर सोपवावं आणि ते महिनाभर आधी सुरू करावं. पोलीस चौकी, मंडळ, ध्वनिक्षेपक असेल तर रात्री दहाच्या आत संपवणं, आणि महाराष्ट्रात नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घेण्याची अट. उघड्यावर केलेलं नाटक कोणाला तरी झोंबतं हेही धरून चालावं. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळच्या झंडापूरमध्ये कामगारांसमोर नाटक चालू असताना सफदर हाश्मींवर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. मुलांच्या शिबिरात एवढं टोक येत नाही. पण ज्या ठेकेदाराचं नाटकात सोंग आणलंय तो प्रयोगाला येणार का, आला तर मुलांच्या मागे कोण उभं राहणार, हे प्रयोगाआधी पालकांबरोबर बसून ठरवलेलं असावं.

०००

पैसा देणारे बहुधा प्रयोगाचा पैसा देतात. अहवालात किती शिबिरार्थी, किती प्रेक्षक, किती फोटो हे रकाने असतात. प्रयोगानंतरच्या सहा महिन्यांना रकाना नसतो, म्हणून ते सहा महिने घडत नाहीत. मुलं मात्र त्याच वेळी सगळ्यात जास्त भुकेली असतात. टाळ्या ऐकलेल्या असतात, गल्लीतले लोक भूमिकेच्या नावाने हाक मारत असतात आणि शिबिराचे ताई-दादा यायचे बंद झालेले असतात.

दीर्घकाळ राहिल्यावर काय होऊ शकतं याचं उदाहरण अहमदाबादच्या छारानगरचं आहे. छारा ही इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींपैकी एक. आपल्याकडच्या कंजारभाटांच्या नात्यातली. १९९८ च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलियात पोलिसांनी पकडलेला बुधन शबर हा तरुण कोठडीत मेला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’चे लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभारली. छारानगरात वाचनालय सुरू झालं. तिथल्या तरुणांनी बुधनवर नाटक बसवलं. त्यातल्या पोलिसांचं वागणं त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. पहिला प्रयोग ३१ ऑगस्टला, विमुक्त दिनी, त्यांच्याच वस्तीत झाला.

या तरुणांचं बुधन थिएटर आजही चालू आहे. दक्षिण बजरंगे त्यातूनच पुढे आले, चित्रपट करू लागले. वाचनालयात येणारी पोरं मोठी होऊन धाकट्यांची नाटकं बसवू लागली. हे घडलं त्याचं कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, तिथे शिबिर संपवून निघून जाणारं कोणी नव्हतं. घेणारे तिथेच राहत होते, आणि पुस्तकांची खोली रोज उघडत होती.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक वस्तीत बुधन थिएटर होणार नाही. पण शिबिराच्या दुसऱ्या आठवड्यात दोन-तीन मोठी मुलं निवडून त्यांना खेळ घ्यायला शिकवता येतात. चौथ्या आठवड्यात त्यांनी खेळ घ्यावेत आणि बाहेरच्यांनी गोलात उभं राहावं. प्रयोगानंतर महिन्यातून दोन रविवार त्यांना प्रवासखर्च आणि थोडं मानधन मिळावं, समाजमंदिराची किल्ली त्यांच्याकडे असावी, आणि गोष्टींच्या वीस-पंचवीस पुस्तकांची एक पेटी त्यांच्या ताब्यात असावी. वर्षाचा हा सगळा खर्च, एका नाट्यगृहाचं भाडं, बस, ध्वनी आणि बॅनर यांच्या एका दिवसाच्या खर्चाहून फार मोठा होत नाही. पुढच्या वर्षीचा अर्ज लिहिताना ही रक्कम वर आणि प्रयोगाची खाली लिहावी. कोणी विचारलं तर सहा महिन्यांनी वस्तीत येऊन बघायचं निमंत्रण द्यावं, दुपारी, बायका कामावरून परतल्यावर.